पोचल्याचा पुरावा

मुकुंदवाडी, ३ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतुराज,

आशीर्वाद लिहिला तर तू तो घेशील की नाही, माहीत नाही. म्हणून लिहीत नाही. नेहमी असतो तिथं तो आहेच.

तुमच्या मस्कतच्या कॅम्पला टपाल येत नाही, आणि फोनवर तू मला तीन वर्षांपासून बंद करून ठेवलं आहेस. तेव्हा मी कागदावर लिहिणार, शेजारच्या गयासभाईंची युसरा त्याचा फोटो काढणार, तो तिच्या भावाला पाठवणार आणि अम्मार तुला दाखवणार. एका पत्राला एवढे हात लागले की ते गल्लीभर झालंच म्हणून समज. युसरा, फोटो काढताना वाचू नकोस. अम्मार, तूही.

कामाचं लिहितो. तुझ्या आणि अम्मारच्या कंपनीनं चार महिने पगार दिलेला नाही, तिथल्या कामगार कोर्टात तुमचा दावा चालू आहे, आणि तारखेचा मेसेज ज्याच्या त्याच्या नंबरवरच येतो, असं गयासभाई सांगतात. तुझ्या नंबरवर बॅलन्स नाही. वीस तारखेपर्यंत रिचार्ज झाला नाही तर नंबर बंद पडणार. तारीख कळली नाही तर दावा निकालात निघणार आणि परतीचा कागद मिळणार नाही. हे सगळं खरं आहे का? अम्मारमार्फत कळव, माझ्याशी बोलायची गरज नाही.

तीन आठवडे तुझा फोन नाही म्हणून तुझी आई जेवणावरून उठते. मी काही विचारलं की म्हणते, "तुमाला काय करायचंय?"

गयासभाई म्हणाले, "काकासाहेब, अम्मारका रिचार्ज मैं इधरसेच मारता मोबाइलपर. ऋतुराजचा पण मारून टाकतो, दो मिनिट का काम हय." मी नको म्हटलं. रिक्षाचे हूड शिवणारा सरळ माणूस आहे, वीस वर्षांचा शेजार आहे. पण त्याचं अॅप कुणाचं, कुठलं, हे त्यालाही माहीत नाही. "चलता हय" एवढंच सांगतो. उतारावर ब्रेक नसलेली गाडीही चालते.

तुझा रिचार्ज मी करणार, आणि नीट तपासून करणार.

आप्पा

७ नोव्हेंबर

ऋतुराज,

तुझं उत्तर नाही. वीस तारीख खरी आहे एवढं अम्मारनं कळवलं. बरं.

चार दिवसांत सहा अॅप बघितली. नावं सगळी इंग्रजी आणि एकमेकांसारखी, म्हणून मी त्यांना माझीच नावं ठेवली आहेत. दोन उघडताच बंद पडली. उरली चार.

पहिलं घाईवालं. उघडलं की वर घड्याळ पळायला लागतं, सवलत संपायला नऊ मिनिटं. मी दहाव्या मिनिटाला परत उघडलं तर पुन्हा नऊच. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची अकरा लाइन चेकिंगला. ज्याच्याकडं तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो आणि जो कारण नसताना घाई करतो त्याची बॅग आधी बघावी, एवढं मला कळतं. ते काढून टाकलं.

दुसरं हसणारं. त्याच्या चित्रात एक बाई फोन कानाला लावून हसत असते. पहिला रिचार्ज फुकट म्हणतं, आणि लगेच माझ्या फोनातले सगळे नंबर बघायची परवानगी मागतं. मस्कतला रिचार्ज टाकायला याला आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा नंबर कशाला लागतो? तेही गेलं.

तिसरं निळं. त्याला लोकांनी पाच-पाच तारे दिलेत. मी दोनशे प्रतिक्रिया वाचल्या. पाच तारेवाले सगळे एकाच आठवड्यात आणि एकाच वाक्यात खूश झालेले. एक तारा देणारे मात्र आपापल्या परीनं रडलेले, एकाचं रडणं दुसऱ्यासारखं नाही. मला रडणारे खरे वाटले.

राहिलं पोपटवालं. त्याच्या चिन्हात पोपट आहे. हे आपला आकार आधीच सांगतं आणि समोरच्याला तिकडं नेमकं किती मिळणार तेही दाखवतं. मी त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. एक मुलगी बोलली. माझे चौदा प्रश्न तिनं न चिडता ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, "सर, पहले छोटा रिचार्ज भेजके देख लीजिए." जी स्वतःच तपासून बघा म्हणते, तिच्यावर संशय घ्यावा की घेऊ नये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझी आई म्हणते, "आवो, रिचार्ज टाकायचाय, सोयरीक नाय जमवायची!"

तू म्हणशील, चेकर तो चेकरच राहणार. म्हण. गंगापूरच्या गाडीचा विषय मी या पत्रांतून काढणार नाही. तूही काढू नकोस.

आप्पा

११ नोव्हेंबर

ऋतुराज,

मला शंका होती तेच झालं.

काल पोपटवाल्या अॅपवरून अम्मारच्या नंबरवर सर्वांत लहान रिचार्ज टाकला. तुझ्या नंबरवर आधीच टाकला नाही, कारण बुडालाच तर तुझा बुडू नये. आधी बँकेत जाऊन कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घेतला. घरी आल्यावर संध्याकाळी बरोबर पाच बेचाळीसला बटण दाबलं. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहून ठेवली. थोड्या वेळानं अम्मारचा आवाज आला, "चाचा, मिल गया, शुक्रिया." मी म्हटलं, आवाज पुरावा होत नाही, पडद्याचा फोटो पाठव.

फोटो आला. त्यावर रिचार्ज मिळाल्याची वेळ आहे चार वाजून बारा मिनिटं.

इथून निघाला पाच बेचाळीसला आणि तिथं पोचला चार बाराला! प्रवासी गाडीत चढायच्या दीड तास आधी त्याच्या हातात तिकीट! अकरा वर्षांत असली लबाडी मी बघितली नव्हती. म्हणजे हा फोटो दुसऱ्याच रिचार्जचा आहे. गयासभाईंनी आधी टाकलेला असेल, तोच मला दाखवला. अॅपवाले आणि हे आपसात मिळालेले आहेत की काय, तेही बघावं लागेल.

मी हे गयासभाईंच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक बसलेलं असताना, तोंडावर विचारलं. त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "काकासाहेब, मेरेको चोर बोल रहे क्या आप?" मी म्हटलं, मी काही बोलत नाही, वेळ बोलतेय. ते पुन्हा मशीन चालवायला लागले.

हे पत्र युसराकडंच देतोय, कारण दुसरी वाट नाही. युसरा, हे मात्र वाच. अम्मार, तूही वाच आणि खुलासा कर.

तूर्त पोपटवालं बाद. नवीन शोधतो आहे. नऊ दिवस आहेत.

आप्पा

१४ नोव्हेंबर

ऋतुराज,

मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे.

युसरानं मागच्या पत्राचा फोटो काढला, पाठवलाही, आणि मग ओट्यावर येऊन मला शांतपणे सांगितलं. "काकाजी, वहाँ अभी कितने बजे है मालूम क्या आपको?" पोरगी नर्सिंगला आहे, बोलताना आवाज चढवत नाही, त्यामुळं जास्त लागलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, बोटांवर मोजलं, आणि घरात निघून आलो. पाणी प्यायलो.

तुझ्या आईनं पदराआड हसून घेतलं, मग तिला राग आला. म्हणाली, "दोन दिस गेले. तुमच्या घड्याळापायी माझं लेकरू तिकडं वाळवंटात ऱ्हाईल. आदी जावा आन् त्या मानसाची माफी मागा."

गेलो. गयासभाई हूडला शिलाई मारत होते. मी म्हटलं, माझी चूक झाली. ते म्हणाले, "बैठो, चाय पिओ." चहा झाला. निघताना फक्त म्हणाले, "काकासाहेब, शक करना आपका काम था. पर आप तो रिटायर हो गये ना?"

तेव्हा मी चुकलो की मान्य करतो, हे तू बघून ठेव. जिथं चुकलो तिथं मान्य करतो. गंगापूरच्या गाडीत मी नियमाप्रमाणं वागलो. वाळूजच्या अलीकडं आम्ही गाडी थांबवली, कंडक्टर तू होतास, एका म्हातारीकडं तिकीट नव्हतं. तू म्हणालास, "आप्पा, मी दिलंय, त्यांच्या हातात दिलंय." तिकीट निघालं नाही. पैसे घेऊन तिकीट दिलं नाही, असा अहवाल मी लिहिला. पोटचा पोर म्हणून सोडून दिलं असतं तर आपला तो बाब्या असं लोक म्हणाले असते. चौकशी लागल्यावर तू बाजू मांडायची सोडून राजीनामा फेकलास आणि मस्कत गाठलंस. त्यात माझी चूक कुठं, हे मला कुणी दाखवून द्यावं.

विषय काढणार नाही म्हटलं होतं. निघाला.

पोपटवालं पुन्हा घेतलं आहे.

आप्पा

१९ नोव्हेंबर

ऋतुराज,

चार दिवस का गेले ते आधी सांगतो, नाहीतर तुझी आई तिच्या परीनं सांगेल. मी पोपटवाल्यांना लेखी विचारलं होतं, की रिचार्ज पोचला नाही तर जबाबदार कोण, नाव आणि हुद्द्यासह कळवा. काल उत्तर आलं. भाषा गोड, आणि खाली सही 'टीम'. टीम हा कुणाचा हुद्दा?

शिवाय तुझ्या नंबरचा प्रश्न होता. तुझी आई वहीत एक असा काढते की तो सात वाटतो. अम्मारकडून दोनदा आकडे मागवले. दोन्ही वेळा सारखे आले, म्हणजे ठीक असावेत.

आज दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. नंबर टाकला. पाठवण्याआधी अॅपनं एक प्रश्न विचारला, या व्यक्तीशी आपलं नातं काय? खाली चार पर्याय होते, कुटुंब, मित्र, कर्मचारी, इतर. माझं बोट तिथंच थांबलं. तुझी आई शेजारी होती. "काय झालं? बंद पडलं का?" मी म्हटलं, नाही, विचार करतोय. ती म्हणाली, "ह्यात कसला इचार?" मी कुटुंब दाबलं. हे तुला विचारून दाबायला हवं होतं असं वाटलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे तुमच्या बारा पन्नासला, पडद्यावर हिरवी खूण आली. रिचार्ज पोचला म्हणतात. तू एका शब्दानं कळव. 'मिळाला' एवढं लिहिलंस तरी पुरे.

आप्पा

२१ नोव्हेंबर

ऋतुराज,

काल वीस तारीख होती. संध्याकाळपर्यंत तुझा शब्द नव्हता. अम्मारनं कळवलं की तुला दुसऱ्या इमारतीत हलवलं आहे, भेट नाही. म्हणजे मागचं पत्र तू बघितलंस की नाही तेही ठाऊक नव्हतं.

काल मी पोपटवाल्यांना तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी पुन्हा तीच मुलगी. मी म्हटलं, तुमची हिरवी खूण मला चालणार नाही, माझ्या मुलाला मिळाला याचा पुरावा द्या. ती म्हणाली, "सर, हमने दे दिया है. अब मैं और कैसे दिखाऊँ?" मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात. फोन ठेवला.

तुझी आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या पोरानंबी हेच म्हनलं हुतं."

मी म्हटलं, काय?

"आप्पा, मी दिलंय, म्हनला हुता. त्याचं ऐकलं नाय. आन् आता ह्या पोपटाचं ऐकू का नगं म्हनून दोन दिस घर डोक्यावर घेतलंय. खरं बोलनाऱ्याकडं दाखवाया काय आसतं हो? त्याचं त्वांडच आसतं."

मी चप्पल घातली आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर जाऊन बसलो. दोन गाड्या गेल्या.

परत आलो तर तिचा फोन वाजत होता. तू होतास. फोन कानाशी होता, तरी तुझा आवाज खोलीभर येत होता. रिचार्ज एकोणीसलाच मिळाला, तारखेचा मेसेजही आला, सत्तावीसला सुनावणी, बहुतेक डिसेंबरात सुटाल. ती रडली, मग हसली. मग म्हणाली, "आप्पा हितंच हायेत. देऊ का?"

तू नको म्हणालास. चढ्या आवाजात नाही, सरळच म्हणालास. आणि मग म्हणालास, "आई, आलो तरी मी घरी नाही येणार. तू मोठं मन कर म्हणतेस, मी केलं असतं. पण त्यांना एकदा तरी वाटलंय का, की मी खरं बोललो असेन?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याचं बटण नीट करत होतो.

आप्पा

२३ नोव्हेंबर

ऋतुराज,

हे पत्र कुणीही वाचावं. युसरा, तू वाच, आणि आता ऋतुराजचा नंबर चालू झालाय तर त्यालाच थेट पाठव. गयासभाईंना वाचून दाखव.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. एकदा वाटलंय का, म्हणून विचारलंस. वाटायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

त्या दिवशी तुझं मशीन बंद होतं आणि तू जुन्या कागदी तिकिटांवर गाडी काढली होतीस. त्या भाड्याचं तिकीट गुलाबी होतं. म्हातारीचं नाव लक्ष्मीबाई, ते अहवालात आहे. अहवालात नाही ते सांगतो. तिच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू होता. "घेतलंय रं बाबा, हातातच हुतं आत्ता," असं म्हणत ती पिशवी उलटी करत होती, आणि ते पोर काहीतरी चघळत होतं. त्याच्या ओठांना गुलाबी रंग लागला होता. हनुवटीवरून लाळ आली होती तीही गुलाबी.

पोरं तिकीट खातात, हे मला नवीन नव्हतं. अकरा वर्षांत चार-पाच पोरांच्या तोंडातून मी स्वतः बोट घालून तिकीट काढलं आहे आणि कंडक्टर सुटले आहेत. त्या दिवशीही मी वाकलो होतो. माझा हात पुढं गेला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाप चेकर, लेक कंडक्टर. बघा आता कसं मिटतंय ते." चार माणसं हसली.

मी सरळ झालो आणि वही काढली. तू "आप्पा, मी दिलंय" म्हणत होतास तेव्हा मी तुझ्याकडं बघत नव्हतो, त्या पोराच्या तोंडाकडं बघत होतो. गाडी सुटेपर्यंत त्यानं ते गिळलं.

सगळ्यांना वाटतं काकासाहेब कडक. पोटच्या पोरालाही सोडलं नाही म्हणून निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हार घालून घेतला. मी कडक नव्हतो. मी चार माणसांच्या हसण्याला भ्यालो होतो. आणि त्यानंतर मी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, कारण खात्रीनं खोटा ठरलेला एकच माणूस मला ठाऊक होता आणि त्याचं नाव मला कुणाला सांगता येत नव्हतं.

मी अर्ज लिहिला आहे. माझा अहवाल खोटा होता, कंडक्टरनं तिकीट दिलं होतं, मी ते बघितलं होतं, असं साध्या शब्दांत. उद्या सोमवार. विभागीय कार्यालयात स्वतः नेऊन देतो. नकलेचा फोटो या पत्राबरोबर येईल. माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्या नावापुढचं तेवढं जाऊ दे.

मी असताना घरी येणार नाही म्हणतोस, ते बरोबर आहे. तू ये. मी गंगापूरला माझ्या भावाकडं जाऊन राहीन, तू म्हणशील तेवढे दिवस. बाळा, माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण मागतोय ते तेच.

हे तुझ्या आईला मी कधीच सांगितलेलं नाही. तीन वर्षं ती माझ्या ताटात वाढते आहे आणि तिला माहीत नाही. पत्र युसराकडं द्यायच्या आधी तिला वाचून दाखवतो.

आप्पा

ता.क. वाचून दाखवलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "त्याला लिव्हा, आईला आज कळलं." मी लिहायला बसलो तर पुन्हा म्हणाली, "तीन वर्सं मी लेकराला सांगत ऱ्हायले, आप्पाची चूक झाली आसंल, तू मोठं मन कर. मला त्याची माफी मागायचीय. आदी माझी लिव्हा, तुमची मागून." तेव्हा वर जी माझी लिहिली आहे ती नंतरची समज, आणि ही आधीची.